लिस्बनने जे झाकलं नाही

मित्रहो, लिस्बनबद्दल बोलायचं म्हटलं की डोळ्यांसमोर बेलेंचा मनोरा येतो, चढावरून खडखडत जाणारी पिवळी ट्राम येते. पहिल्यांदा जाल तेव्हा हे सगळं जरूर पाहा. जेरॉनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर काय वाटतं, हे पणजीतल्या श्रोत्यांना मी काय सांगणार! पण लिस्बनला गेले की माझे पाय वळतात ते दुसरीकडे. आपल्यावर कोसळलेल्या काही गोष्टी या शहराने नीट बांधून काढल्या आणि काही तशाच उघड्या ठेवल्या. त्या उघड्या जागांकडे मी परत परत जाते आणि आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

शहराच्या मधोमध रॉसियो चौक आहे. त्याला लागून एक लहानसं आवार आणि त्यात साँव दोमिंगोसचं चर्च. बाहेरून बघाल तर साधा पांढरा दर्शनी भाग, आत काय आहे याचा काही अंदाज येत नाही. आत पाऊल टाकलं की खांब दिसतात. तडकलेले, ढलप्या उडालेले, भाजून काळे-तांबडे पडलेले. १९५९ साली इथे भीषण आग लागली. चर्च १९९४ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा छत नवीन घातलं, पण खांब आणि भिंती गुळगुळीत केल्या नाहीत. लोक या जळलेल्या खांबांमध्ये बसून प्रार्थना करतात. मी तिथे बराच वेळ बसते. एखाद्या बाई शेजारी येऊन मेणबत्ती लावतात, हात जोडतात आणि खरेदीची पिशवी उचलून निघून जातात. त्यांचं हे रोजचं चर्च आहे.

या जागेची खरी जखम मात्र आगीपेक्षा फार जुनी आहे. पोर्तुगालमधल्या ज्यूंना १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि त्यांच्यावरचा संशय काही संपत नव्हता. एप्रिल १५०६. दुष्काळ होता, प्लेग होता, लोक या चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. क्रुसावर उजेड चमकला आणि लोकांना तो चमत्कार वाटला. एक नवा ख्रिस्ती म्हणाला, अहो, ही मेणबत्तीची तिरीप असेल. त्याला ओढत बाहेर नेऊन ठार मारलं. त्यानंतर शहरात तीन दिवस कत्तल चालली, हजाराहून जास्त माणसं मारली गेली. चर्चसमोरच्या आवारात २००८ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. बसकं, दगडी, कोणाच्या नजरेत न भरणारं. आज त्याच आवारात आफ्रिकेतून आलेली माणसं गप्पा मारत उभी असतात, आणि शेजारच्या बोळकंडीएवढ्या दुकानात आंबट चेरीची दारू छोट्या पेल्यात मिळते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? तर आपल्या पणजीत, चर्चच्या पायऱ्यांसमोर, ज्या गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग आहे, तो अशाच एका घरातला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवत होता. १५३४ मध्ये जहाजात बसून तो इकडे आला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आपल्या औषधी वनस्पतींवरचा, आपल्या फळांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. ज्या शहरातून तो निघाला त्या शहरातलं हे चर्च आणि ज्या गावात त्याच्या नावाने आपण संध्याकाळी बाकावर टेकतो ती बाग, ही दोन्ही ठिकाणं माझ्या मनात आता वेगळी राहिलेली नाहीत.

साँव दोमिंगोसहून चढ चढून गेलं की कार्मोचा चौक आणि तिथला मठ. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. तेव्हा भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. खालची वस्ती, बायशा, राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने पूर्ण नव्याने वसवली. सरळ रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर घर हलेल पण पडणार नाही. शहराने स्वतःला उभं कसं केलं ते बायशात दिसतं. कार्मोच्या मठाचं मात्र बांधकाम सुरू झालं आणि १८३४ मध्ये धर्मसंघच बरखास्त झाल्यावर थांबलं. १८६४ पासून तिथे पुरावस्तूंचं संग्रहालय आहे. चर्चच्या मधल्या दालनावर छप्पर नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि वर आभाळ. पावसात गेलात तर आतलं गवत भिजताना दिसतं. माझं मत विचाराल तर युरोपातल्या मोठमोठ्या, डागडुजी केलेल्या कॅथेड्रलांपेक्षा मला हे मोडकं चर्च जास्त बोलकं वाटतं.

याच चौकात, मठाला खेटून असलेल्या बराकीत, २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकून पडले होते. बाहेर हुकूमशाही राजवट उलथवायला निघालेल्या कॅप्टन साल्गेरू मायांचे सैनिक आणि त्यांच्याभोवती गर्दी, झाडांवरसुद्धा माणसं चढलेली. संध्याकाळी कायतानोंनी सत्ता जनरल स्पिनोलांच्या हाती दिली. उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेश्ते काएरू नावाच्या बाईने त्या सकाळी सैनिकांना कार्नेशनची फुलं दिली होती, त्यावरून या उठावाला ‘कार्नेशन क्रांती’ नाव पडलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी लिस्बनच्या सरकारने ते मान्य केलं नव्हतं. मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, म्हणजे या चौकात सत्ता बदलल्यानंतर. कार्मोत बसल्यावर हे आठवणार नाही असा गोंयकार कसा असेल!

आणि आता काशियश. काइश दु सुद्रे स्थानकातून काश्काइशकडे जाणाऱ्या लोकलने वीसेक मिनिटं लागतात. डाव्या हाताला नदी समुद्राला मिळत असते आणि डब्यात पोहायला निघालेली पोरं असतात. टेकडीवर काशियशचा तुरुंग आहे. सांगलीकडून गोव्यात येऊन शिक्षक झालेले मोहन रानडे गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात होते. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेलं आणि काशियशला ठेवलं. गोवा सुटला, ते सुटले नाहीत. सुधीर फडके, आपले बाबूजी, त्यांच्या सुटकेसाठी धडपडत राहिले. १९६८ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी पोपपाशी त्यांचा विषय काढला, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले. त्या स्थानकावर उतरून वर पाहताना मला दरवेळी एकच गोष्ट बोचते: १९६१ च्या डिसेंबरात इथे आपण मिरवणुका काढत होतो तेव्हा हा माणूस तिथे कोठडीत होता, आणि पुढची सात वर्षं तिथेच राहिला.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं की तिथे जाऊन पाहायला मिळतं काय. खरं सांगायचं तर काशियशला आत जाता येत नाही, तो आजही तुरुंगच आहे. म्हणून लिस्बनच्या कॅथेड्रलच्या शेजारचं अल्जूब हे जुनं कारागृह बघा. १९६५ पर्यंत तिथे राजकीय कैदी ठेवत. २०१५ पासून ते संग्रहालय आहे आणि माणूस जेमतेम आडवा होईल अशा कोठड्या आत दाखवल्या आहेत. शाळेच्या वयाची मुलं बरोबर असतील तर त्यांनाही न्या, समजावून सांगा. कार्मोचं संग्रहालय रविवारी बंद असतं आणि अल्जूब सोमवारी, तेव्हा हे दोन्ही एकाच दिवशी पाहायचं तर मंगळवार ते शनिवारातला दिवस धरा.