पेपरचा कारभारी

(दृश्य: दैनिकाचं शेवटचं पान. कॅमेरा सरकत तळाच्या बारीक अक्षरांवर येतो.)

पानाच्या तळाशी दोन-तीन ओळी असतात. मालकांच्या वतीनं मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केलं. १८६७ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यानं ही ओळ सक्तीची केली. छापलेल्या शब्दासाठी कुणाला धरायचं हे सरकारला चटकन कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. भारतीय दंड संहितेचं ५०१ कलम तर थेट छापणाऱ्यावरच होतं: बदनामीचा मजकूर जाणूनबुजून छापला, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

पुष्कळ प्रादेशिक दैनिकांत मुद्रक-प्रकाशक म्हणून छापलेलं नाव व्यवस्थापकाचं असतं. अग्रलेख एकानं लिहायचा, बातमी दुसऱ्यानं आणायची आणि समन्स निघालं की कोर्टाच्या पायऱ्या यानंही चढायच्या.

ही गोष्ट त्या माणसाची आहे. गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या कारभाऱ्याची. संपादकांचे सत्कार झाले, त्यांच्या लेखांचे संग्रह निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण पेपर रोज पहाटे दारात पडत राहिला तो ज्यांच्या हिशेबामुळे, त्यांच्याविषयी लिहिलेलं हाती फार थोडं लागतं. आम्हाला हे खटकतं, म्हणून हा माहितीपट.

(दृश्य: जुन्या पणजीची छायाचित्रं.)

गोव्याला वर्तमानपत्र नवं नव्हतं. १८२१ साली ‘गाझेता द गोवा’ निघालं, ते सरकारी. २२ जानेवारी १९०० रोजी ‘ओ हेराल्दो’ निघालं, ते गोव्यातलं पहिलं दैनिक, पोर्तुगीज भाषेतलं. मराठी वाचकासाठी गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२च्या सुमारास ‘भारत’ हे साप्ताहिक काढलं आणि लोक त्यांना ‘भारतकार’ म्हणूनच ओळखू लागले. पुढे पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारची राजवट आली आणि छपाईआधी मजकूर सेन्सॉरपुढे ठेवणं भाग झालं. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. अशा मुलखात मराठी दैनिक उभं राहणं शक्यच नव्हतं.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. २४ मार्च १९६२ला ‘गोमन्तक’चा पहिला अंक निघाला. मध्ये जेमतेम तीन महिने. मालक विश्वासराव चौगुले, खाण आणि जहाज व्यवसायातले. पहिले संपादक बा. द. सातोस्कर. सातोस्करांनी मुंबईत सागर साहित्य प्रकाशन चालवलं होतं. कागद, छपाई, विक्री आणि वसुली यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, ही गोष्ट त्यांच्याविषयी बोलताना सहसा मागे राहते. आम्हाला ती महत्त्वाची वाटते. नव्या दैनिकाच्या संपादकाला कागदाचा भाव माहीत असणं, हे त्या दैनिकाचं भाग्य.

(दृश्य: गोव्याचा नकाशा, नद्यांच्या निळ्या रेषा ठळक.)

आता कारभाऱ्याच्या खुर्चीत बसून हा नकाशा पाहू. १९६१ची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार. त्यातले साधारण एक तृतीयांश लोक साक्षर, आणि तेही वाचणार पोर्तुगीज, मराठी, इंग्रजी, रोमी लिपीतली कोंकणी, असे वाटलेले. म्हणजे मराठी दैनिकाचा संभाव्य गिऱ्हाईक किती, हे बोटांवर मोजायचं आणि वर म्हणायचं की आपण रोज पेपर काढणार.

त्यात नद्या. मांडवीवर पणजीजवळ पूल नव्हता, जुवारीवर नव्हता. बाणस्तारी आणि बोरीचे पूल पोर्तुगीज सैन्यानं माघार घेताना उडवून दिले होते. पणजीत छापलेला अंक म्हापशाला जायचा तर बेतीची फेरी, मडगावला जायचा तर आगशीहून कुठ्ठाळीची फेरी. पेडण्यासाठी शापोरा ओलांडायची. शिवोली-चोपडे पूल व्हायला २००२ साल उजाडलं. चोडण आणि दिवाडीचा पेपर आजही फेरीबोटीतून जातो.

संपादकीय खात्याला वाटतं, अंक बंद करायची वेळ बातमी ठरवते. गोव्यात ती बरीच वर्षं फेरीबोट ठरवत होती. पहिली फेरी चुकली की गठ्ठे धक्क्यावर पडून राहणार, काणकोणचा किंवा सत्तरीचा पेपर दुपारी पोचणार, आणि दुपारी आलेला पेपर कोण विकत घेईल? म्हणून दूरच्या तालुक्यांची आवृत्ती आधी छापायची, शहराची शेवटी. मंत्रिमंडळाची बैठक रात्री उशिरा संपली, तर ती बातमी पणजीच्या वाचकाला आज मिळणार आणि वाळपईच्या वाचकाला उद्या. हा निर्णय संपादकाला दुखायचा. घ्यावा लागायचा व्यवस्थापकाला.

१९७० साली मांडवीवर पूल झाला, १९८३ साली जुवारीवर. कारभाऱ्याला वाटलं असेल, सुटलो. ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, मांडवीचा पूल कोसळला. सोळा वर्षांचा पूल. बार्देशाकडची वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. नेमका तोच काळ राजभाषा आंदोलनाचा, गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी या वादाचा. गावोगाव मोर्चे, बंद, जाळपोळ, आणि पेपरची भूक कधी नव्हे एवढी. मागणी वाढलेली आणि रस्ता तुटलेला, अशा वेळी वितरण खात्यातल्या माणसांनी काय केलं असेल याचा विचार करताना मान आदरानं झुकते. पहाटे चारला फोन वाजायचा: “बाब, गाडी अजून पावूंक ना”, म्हणजे गाडी अजून पोचलेली नाही. त्या एका वाक्यावर ज्यांचा दिवस सुरू व्हायचा, त्यांना पत्रकार म्हणून कधी कुणी मोजलं नाही.

(दृश्य: कागदाची रिळं, छापखान्याचा आवाज.)

कागदाची गोष्ट थोडक्यात सांगतो. वृत्तपत्राचा कागद कित्येक वर्षं सरकारी कोट्यानं मिळायचा. देशात तो बनवणारी नेपानगरसारखी गिरणी होती, पण बहुतेक मदार आयातीवर. किती खप, किती पानं, त्यावर कोटा. १९७२च्या धोरणात दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती त्याच वर्षी रद्द केली. दिल्लीतल्या त्या लढाईत नावं मोठ्या दैनिकांची आली. छोट्या दैनिकाच्या व्यवस्थापकाचा झगडा वेगळा होता: रीळ बंदरावर आलं का, ओलं तर झालं नाही ना, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ते कोरडं कुठं ठेवायचं. दमट कागद यंत्रावर फाटतो. रात्री एक वाजता कागद फाटला की छपाई थांबते, आणि मग पुन्हा ती फेरी.

(दृश्य: १९६७च्या जनमत कौलाची छायाचित्रं, फूल आणि दोन पानं या निशाण्या.)

१६ जानेवारी १९६७. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हावं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहावं, यासाठी जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे स्वतंत्र अस्तित्व. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. अंतर ३४,०२१.

हा लढा वर्तमानपत्रांतून लढला गेला आणि त्यातली मोठी झुंज मराठीतच झाली. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूनं. विरोधात उभं राहिलं मडगावहून १९६३ साली निघालेलं ‘राष्ट्रमत’, तेही मराठीच. चंद्रकांत केणींच्या त्या दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. कोंकणीचा आणि वेगळ्या गोव्याचा कैवार घेणारा हा मजकूर मराठीत लिहिला जाई, कारण गावागावांत वाचनाची सवय मराठीची होती. ज्याला आपल्याकडे वळवायचं, तो वाचक ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचायचं. ही समज जितकी राजकीय, तितकीच ती वितरणाची आहे. सदर कितीही धारदार असो, डिचोलीच्या किंवा फोंड्याच्या दुकानात ते सकाळी सातला टांगलेलं नसेल, तर त्याचं मत होत नाही. जनमत कौलावर लिहिणाऱ्यांनी सभा मोजल्या, भाषणं मोजली. गठ्ठे कुणी मोजले नाहीत.

(दृश्य: जाहिरातींची पानं. जाहीर नोटिसा, निविदा, पुण्यतिथीची छायाचित्रं.)

पेपर विकून पेपर चालत नाही. वाचक मोजतो ती किंमत कागदाच्या खर्चालाही अपुरी पडते, आणि त्यातूनही एजंटाचं कमिशन जातं. भरून काढायचं ते जाहिरातींनी. गोव्याच्या मराठी दैनिकाचं जाहिरातीचं पान हा समाजाचा आरसा आहे. जमिनीच्या आणि वारसांच्या जाहीर नोटिसा, सरकारी निविदा, देवळाच्या जत्रेची आमंत्रणं, बाराव्याची सूचना. पुण्यतिथीला दिवंगत वडिलांचा फोटो आणि खाली मुला-नातवंडांची नावं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की जाहिरातींना बहर. या जाहिराती घ्यायला गावचा बातमीदारच फिरायचा, आणि त्यातल्या एखाद्या नावाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते कुटुंब व्यवस्थापकाच्या टेबलासमोर येऊन बसायचं. अग्रलेखावर रागावलेला वाचक पत्र लिहितो. आईचं नाव चुकलेला वाचक स्वतः येतो. त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात विनामूल्य छापायची. माणसं पेपरशी पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली ती बरीचशी या टेबलापाशी.

मालकीचा प्रश्न टाळून ही गोष्ट पुरी होणार नाही. ‘गोमन्तक’ चौगुल्यांचं, धेंपो उद्योगसमूहानं १९६३ साली इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ काढलं आणि १५ ऑगस्ट १९७०ला मराठी ‘नवप्रभा’. कोंकणी ‘सुनापरान्त’ १९८७ साली साळगावकरांनी. तिन्ही घराणी खाणीतली. या पैशाशिवाय गोव्यात दैनिकं उभी राहिली नसती, हे मान्य केलंच पाहिजे. तोट्यातला पेपर वर्षानुवर्षं सांभाळायला खोल खिसा लागतो. पण त्याच मातीतून खाणकामाची बातमी करायची वेळ आली, तेव्हा वाचकानं प्रश्न विचारले, आणि विचारायलाच हवेत. मालक आणि संपादक यांच्यामध्ये व्यवस्थापक बसतो. या बाजूचा फोन त्यालाच येतो, त्या बाजूचा संतापही त्यालाच. चांगला व्यवस्थापक कोण, याचं आमच्यापुरतं उत्तर असं की जो तो फोन संपादकाच्या टेबलापर्यंत पोचू देत नाही.

कधी कधी व्यवस्थापनाचा एक निर्णय वर्तमानपत्राचा जन्मच बदलतो. ‘ओ हेराल्दो’ मुक्तीनंतर बावीस वर्षं पोर्तुगीजमध्ये निघत राहिलं, वाचक मात्र म्हातारे होत गेले. ए. सी. फर्नांडिस यांच्या मालकीखाली १० ऑक्टोबर १९८३ला ते इंग्रजी झालं, संपादक राजन नारायण. नाव तेच ठेवून भाषा बदलायची, हे धाडस होतं. त्या दैनिकाला त्यानं नवं आयुष्य दिलं.

(दृश्य: थांबलेले खाणीचे ट्रक. नंतर रिकामे रस्ते.)

मग दोन तडाखे. सप्टेंबर २०१२मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, त्यात बेकायदा खाणकामानं सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज होता. राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. काही काळ ते सुरू झालं, पण ८८ लीज रद्द होऊन मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडलं. खाणपट्ट्यातला ट्रकमालक, गॅरेजवाला, हॉटेलवाला, सगळ्यांचे व्यवहार आटले. सांगे, केपे, डिचोली, सत्तरीतला दुकानदार जाहिरात देईना. बातमी म्हणून खाणबंदी पहिल्या पानावर होती. वसुलीच्या वहीत ती पानापानावर होती.

दुसरा तडाखा २४ मार्च २०२०च्या रात्री. देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तो ‘गोमन्तक’च्या ५८व्या वर्धापनदिनाचा दिवस. पेपरातून विषाणू येतो अशी भीती पसरली, पेपर टाकणारी मुलं घरात अडकली, छापील अंक घरोघरी पोचवणं काही काळ थांबलं. तोवर ‘गोमन्तक’ सकाळ समूहाकडे गेलं होतं. ‘तरुण भारत’, ‘लोकमत’, ‘पुढारी’ही गोव्यात रुजली होती. मोबाइलवर अंकाची पीडीएफ फुकट फिरू लागली आणि सुटलेली सवय सगळ्या घरांत परतली नाही. आज व्यवस्थापकासमोर दोन हिशेब आहेत, एक रिळाचा आणि एक क्लिकचा. पगार अजून बराचसा पहिल्यातूनच निघतो.

(दृश्य: पणजी, पाटो. कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय.)

१८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत. संशोधक येतात, अग्रलेख वाचतात, टिपणं काढतात. पण कोणत्या गावी किती प्रती जात होत्या, एजंट कोण होते, पूल पडला त्या आठवड्यात किती अंक परत आले, हे फायलीत सापडणार नाही. ते होतं वितरण खात्याच्या वह्यांत, आणि अशा वह्या कार्यालय हललं की रद्दीत जातात.

काही वह्या अजून घरांत असतील. निवृत्त व्यवस्थापकाच्या कपाटात, एखाद्या जुन्या एजंटाच्या दुकानात माळ्यावर. तुमच्याकडे असेल तर टाकू नका. पानांचे फोटो काढा, वडिलांना किंवा आजोबांना शेजारी बसवून प्रत्येक नावापुढे गाव लिहून घ्या, आणि मूळ वही ग्रंथालयाला द्या. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्यातली काही माणसं अजून आपल्यात आहेत आणि विचारलं तर सांगतील.