बोट उलटणार आहे, हे आधीच सांगा

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीत तुमच्या मुलाला किंवा मुलीला शिडाच्या बोटीच्या शिबिरात घातलं असेल, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं अशा शिबिरात, तर पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री त्याला जवळ बसवा आणि सांगा, "तुझी बोट उलटणार आहे."

पोर घाबरेल, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. म्हणून मी माझ्या मुलीला नेमकं याच्या उलट सांगितलं. म्हटलं, "काही होत नाही गं, बोट अगदी सुरक्षित असते." पहिल्याच दिवशी दुपारी बोट आडवी झाली आणि बाईसाहेब पाण्यात. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मला जे सुनावलं, त्यात भीती कमी आणि राग जास्त होता. "तू तर म्हणाली होतीस, काही होत नाही!" तिचं बरोबर होतं. पाण्यात पडल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. आई खोटं बोलली, याचं वाटलं होतं.

लहान मुलांच्या बोटी उलटतातच. किंबहुना बऱ्याच ठिकाणी शिकवणारे त्या सुरुवातीलाच मुद्दाम उलटवून दाखवतात, कारण शिकायची पहिली गोष्ट तीच. जगभर मुलं ज्या बोटीत शिकतात तिचं नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी! अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथं, १९४७ साली, क्लार्क मिल्स नावाच्या बोटी बांधणाऱ्या माणसानं ती आखली. प्लायवुडच्या ८ फुटी दोन फळ्यांतून अख्खी बोट निघावी, कोणालाही घरच्या घरी बांधता यावी, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून तिची लांबी ८ फुटांच्या जरा आतच राहिली, आणि तिचं तोंड टोकदार नाही, पेटीसारखं चपटं आहे. वजन ३५ किलो. एक मूल, एक शीड, एक दोर आणि एक सुकाणू, एवढाच तिचा संसार. आत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे काठोकाठ पाणी भरलं तरी ती तळाला जात नाही.

ती आडवी झाली की मुलानं काय करायचं? बोटीला धरून तिच्या तळाच्या बाजूला जायचं. तिथं एक फळी बाहेर आलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. त्या फळीला लोंबकळायचं, अंगाचा सगळा भार टाकायचा. हळूहळू शीड पाण्यातून सुटतं आणि बोट उभी राहते. मग आत चढायचं आणि बादलीनं पाणी उपसत बसायचं. हे उपसणं मुलांना फार आवडतं, का ते देव जाणे. घरी एक पेला विसळायला सांगा, बघा काय होतं.

कधीकधी मूल शिडाखाली येतं. खरी भीती वाटते ती इथं, आणि मोठ्यांनाही वाटेल. अशा वेळी हात वर करून शीड उचलायचं, श्वास घेण्यापुरती जागा होते, आणि मग एकच दिशा धरून कडेला बाहेर यायचं. याचा सराव शिबिरातच, शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर करू द्या. आपण घरी फक्त बोलायचं, पुन्हा पुन्हा, गोष्टीसारखं. आणि एक वाक्य पाठच करून घ्यायचं: बोट सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. लाटांमध्ये एक चिमुकलं डोकं शोधणं कठीण असतं, उलटलेली बोट लांबूनही दिसते.

तयारी म्हणून करण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला वेगळं काही साहित्य लागत नाही. जवळपास पोहण्याचा तलाव असेल तर तिथल्या देखरेख करणाऱ्यांना विचारून मुलाला एकदा कपडे, बूट आणि लाइफ जॅकेटसकट पाण्यात उतरवा. तुम्हीही हाताच्या अंतरावर राहा. पोहण्यात पटाईत असलेलं पोरही या वेळी गोंधळतं. कपडे अंगाला चिकटतात, बूट जड वाटतात, जॅकेट हनुवटीला टेकतं आणि नेहमीसारखे हात मारता येत नाहीत. हा गोंधळ तिथंच होऊन जाऊ दे. पाठीवर तरंगायला लावा, आणि त्याच अवस्थेत तुमच्याशी गप्पा मारायला लावा. गप्पा मारता येतात म्हणजे श्वास ताळ्यावर आहे. तलाव नसेल तर कपड्यांसकट शॉवरखाली उभं करा. हसू येईल, पण भिजण्याचा धक्का तरी ओळखीचा होईल.

आता पोहण्याचा विषय निघालाच आहे तर. शिबिराच्या अर्जात 'पोहता येतं का' असा प्रश्न असतो. तिथं आपण पालक थोडं सढळ हातानं लिहितो. उथळ पाण्यात चार हात मारता येणं आणि पाय न टेकणाऱ्या पाण्यात शांत राहता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे खरं असेल ते लिहा. दमा, फिट्स, कसली ॲलर्जी, कानाचं दुखणं, रोजची औषधं, सगळं लिहा. शिकवणारा त्या कागदावर विसंबून मुलाला पाण्यात सोडत असतो. आणि तुम्हीही त्यांना विचारा: सोबत मोटरबोट असते का, एका शिक्षकामागे मुलं किती, वारा किती वाढला की पाण्यात उतरवत नाही, विजा कडाडायला लागल्या तर काय करता. या प्रश्नांनी जो वैतागेल, त्याच्याकडे मूल पाठवू नका.

लाइफ जॅकेटबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथं आपली एक सवय आड येते. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. पुढच्या वर्षीही होईल, या हिशेबानं. जॅकेटच्या बाबतीत हा हिशेब जीवावर बेतू शकतो. मोठं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल आतून खाली घसरतं. तपासायचं कसं? जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांशी धरून ते वर ओढा. हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेलं, तर ते जॅकेट तुमच्या मुलाचं नाही. छोट्यांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो मुलांना टोचतो, नकोसा वाटतो, आणि म्हणूनच ते तो गुपचूप सोडून ठेवतात. तो पट्टा हवाच.

याच जॅकेटांवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. ५० न्यूटनचं जॅकेट म्हणजे साधारण ५ किलो वजन उचलून धरणारं. माणूस पाण्यात बराच हलका होतो, त्यामुळे डोकं वर ठेवायला तेवढा आधार पुरतो, पण तो पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या ठिकाणांसाठी. शिबिरात बहुधा हेच वापरतात, कारण त्यात हात मोकळे राहतात. १०० किंवा १५० न्यूटनची जाड जॅकेटं, ज्यांना कॉलर असते, ती माणसाला पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या बेतानं केलेली असतात. तुमच्या मुलाला पोहता येत नसेल तर कुठलं जॅकेट द्यायचं, ते शिबिरवाल्यांनाच विचारा. आकड्याइतकाच वजनाचा गटही वाचा. मुलाचं आजचं वजन करा, मागच्या वाढदिवसाचं नको.

आणि ते जॅकेट मुलाला स्वतः घालता, स्वतः काढता आलं पाहिजे. घरात दहा वेळा करून घ्या. एक गोष्ट सांगते, हसू नका. जॅकेट, त्याखाली अंगाला चिकटलेले ओले कपडे, मधला पट्टा, आणि अशात लघवीला लागली तर? आठ वर्षांचं पोर कोणाला सांगायला लाजतं आणि दिवसभर पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. तेव्हा हेही घरीच शिकवून पाठवा.

कपड्यांचं थोडक्यात. सुती कपडे नकोत. इतरत्र सुती उत्तम, पण ओलं सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळता वाळत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं, त्यावर वारा लागला की भर उन्हाळ्यातही मूल कुडकुडतं. लहान अंग लवकर गार पडतं. पटकन वाळणारे, पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, वरून वारा अडवणारं पातळ जाकीट. पुढून बंद असलेले, पायाला घट्ट बसणारे बूट, चपला नव्हेत. चष्मा असेल तर मागून दोरी. टोपीला चिमटा लावून तो कॉलरला अडकवा, नाहीतर टोपी पहिल्याच झुळकीला पाण्याची. लोंबणाऱ्या नाड्या, गळ्यातलं, कानातलं काही नको, केस घट्ट बांधलेले. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी मुलानं स्वतः भरलेली. तुम्ही भरलीत तर टॉवेल तळाशी असूनही तो 'आईनं दिलाच नाही' असं ठरतं.

ऊन पाण्यावर दोन बाजूंनी लागतं, वरून आणि पाण्यावरून उसळून खालून. म्हणून सनस्क्रीन लावताना हनुवटीच्या खालची बाजू, कानांच्या पाळ्या, मानेचा मागचा भाग आणि पावलांच्या वरचा भाग हमखास राहतो, तो राहू देऊ नका. घरून निघण्यापूर्वी लावा, आणि दर दोन तासांनी किंवा भिजून आल्यावर पुन्हा लावायचं, हे मुलाच्या हाती सोपवा. ढगाळ आहे म्हणून सूट नाही.

आता माझा आवडता भाग, वारा. श्रोतेहो, तुम्ही बाहेर कुठे मोकळ्यावर असाल तर आत्ताच करून बघा. डोळे मिटा आणि डोकं हळूहळू फिरवा. वाऱ्याचा आवाज दोन्ही कानांत सारखा येऊ लागला आणि झुळूक नाकावर लागली, की तुमचं तोंड बरोबर वाऱ्याकडे आहे. मुलाशी हा खेळ आठवडाभर खेळा. रस्त्यात, गच्चीवर, कुठेही: "वारा कुठून येतोय?" मग झाडांकडे बघायला शिकवा. १८०५ साली फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं वाऱ्याला ० ते १२ अशा पायऱ्या लावल्या, आणि त्या आजही चालतात. नुसती पानं सळसळली तर दुसरी पायरी. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलायला लागल्या, पाण्यावर कुठेकुठे पांढरा फेस दिसला की तिसरी, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागद उडायला लागले की चौथी, आणि तिथं नवशिक्या मुलांचे शिक्षक डोळ्यांत तेल घालून बसतात.

'वारा येईल तशी पाठ द्यावी' अशी म्हण आपण वापरतो. शिडाच्या बोटीत हे अर्धंच खरं. वारा ज्या दिशेनं येतो, थेट तिकडे बोट जात नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश तिरकं धरलं तर पुढे सरकते. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी चढण चढत वाऱ्याच्या उगमाकडे जाता येतं. प्रत्येक वळणाला शिडाखालचा दांडा, म्हणजे बूम, एका बाजूकडून दुसरीकडे येतो. त्या वेळी डोकं खाली! हे घरी झाडूच्या दांड्यानं शिकवता येतं, फार मजा येते.

आणि घाबरल्यावर काय करायचं? सायकल शिकताना आपण सांगतो, हँडल घट्ट धर. हात तसाच शिकलेला असतो. शिडाच्या बोटीत तो सल्ला घातक. बोट फारच कलली, वाऱ्याचा जोर आवरेना, तर हातातला शिडाचा दोर सोडायचा. दोर सुटला की शीड निशाणासारखं फडफडायला लागतं, त्यातला जोर जातो, बोट सरळ होते आणि मंदावते. फडफडीचा आवाज भयंकर असतो, पण तो आवाज म्हणजे ब्रेक लागल्याचा आवाज आहे, हे मुलाला आधी माहीत हवं. नाहीतर आवाजानं घाबरून ते दोर आणखी आवळतं, आणि मग पाण्यात.

पहिल्या दिवशी सोडायला गेलात की निघून या. धक्क्यावर उभं राहून हात हलवू नका, कारण तुम्ही हात हलवलात की मूलही हलवतं, आणि नेमका तोच हात दोराचा असतो. संध्याकाळी मूल दमलेलं, भुकेलं आणि चिडकं असेल. ओली पिशवी तशीच दाराशी टाकेल. ती त्यालाच रिकामी करायला लावा, जॅकेट साध्या पाण्यानं धुवून सावलीत टांगायला लावा, नाहीतर सकाळी थंडगार ओलं जॅकेट अंगात घालताना रडारड.

आणि त्या संध्याकाळी "भीती वाटली का?" असं विचारू नका. "आज वारा कुठून होता?" असं विचारा. पहिल्या दिवशी उत्तर येईल, "काय माहीत." आमच्याकडेही तेच आलं. चौथ्या दिवशी मी विचारायचं विसरले. जेवताना खिडकीचा पडदा हलला, तशी ही हातातला घास तसाच ठेवून उठली, खिडकीशी गेली, डोळे मिटून मान इकडे तिकडे फिरवली आणि म्हणाली, "फिरलाय. उद्या तिरकं जावं लागणार."

नमस्कार.