कपाळावरची राख

श्रोतेहो, नमस्कार. चारचौघांत आपली ख्रिस्ती श्रद्धा कशी जगायची, यावर आज बोलायचंय. घटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानायचा, पाळायचा आणि सांगायचाही हक्क सगळ्यांना सारखाच दिलाय. पण सकाळच्या विरार लोकलमध्ये कलम आठवतंय कुणाला? एक पाय टेकला तरी पुष्कळ!

२०२४ साली राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. व्हॅलेंटाइन डे! पहाटे वसईच्या चर्चमध्ये मिस्सा (आमची मुख्य उपासना) झाला, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, 'माती आहेस, मातीलाच मिळशील' म्हणाले, आणि मी तशीच धावत गाडी गाठली. डब्यात सगळीकडे लाल कुडते आणि माझं कपाळ काळं. समोरच्या काकूंनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि सरळ पुसायलाच आल्या. "अगं, काय फासून आलीस?"

मी त्यांचा हात धरला. "काकू, थांबा! आजपासून आमचा उपवासकाळ, ईस्टरपर्यंत." मग सांगितलं, ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे आमचा झावळ्यांचा रविवार, गेल्या वर्षीच्या त्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात.

"म्हणजे उपास आहे तुझा! साबुदाणा चालतो?"

"चालतो. पण पोटभर जेवण एकदाच."

"मटण?"

"मटण नाही, चिकन नाही."

"आणि मासे?"

आता खोटं कशाला बोलू? "मासे चालतात."

अख्खा डबा हसला. "कसला गं हा उपास! आम्हालाही हाच दे!" पण बोरिवलीला नवीन बायका चढल्या, माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा काकूच पुढे सरसावल्या. "पुसू नका हं, उपास आहे तिचा." अंधेरीपर्यंत माझ्या धर्माचं निरूपण त्याच करत होत्या, सुरमईसकट!

गंमत म्हणजे त्याच दिवशी मिस्सात बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. आणि लगेच कपाळाला राख! मला यात विसंगती वाटत नाही. मिरवायला लावायची नाही आणि कुणी विचारलं तर पुसायची नाही. पुन्हा सांगते, मिरवायची नाही, पुसायचीही नाही. (गाडीत मोबाइलवर मोठ्याने भक्तिगीतं लावणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. आमचेही आहेत त्यात. कानात घालायची बोंडं काही महाग नसतात.)

आमचे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. त्यांनी पुरोहितपण लपवलं नाही आणि मराठीपणही सोडलं नाही.

आपल्याला तर एवढं मोठं काही करायचं नसतं. उपवासकाळातल्या शुक्रवारी ऑफिसात बिर्याणी मागवतात, तेव्हा आपली माणसं म्हणतात, "आज पोट बरं नाहीये." कशाला? सरळ सांगा, आज मी मांस खात नाही, माझ्यासाठी व्हेज मागवा. मागवतात हो, कुणी खळखळ करत नाही.