उसनवारीवरचा विंगर

[पडद्यावर: इंग्लंडमधल्या लीगची उतरंड, वरून खाली]

इंग्लिश फुटबॉलच्या माथ्यावर प्रीमियर लीग, २० संघांची. तिच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. या तिन्हींत प्रत्येकी २४ संघ, आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला ४६ सामने. पाचवी पायरी नॅशनल लीगची, सहावी तिच्याच उत्तर आणि दक्षिण विभागांची. सातव्या-आठव्या पायरीवर प्रादेशिक लीग सुरू होतात. लंडनच्या आसपासचे क्लब तिथे इस्थमियन लीगमध्ये खेळतात. या पायरीवर खेळाडू दिवसा नोकरी करतो, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सराव करतो आणि शनिवारी सामना खेळतो.

मिकाइल अँटोनिओ तिथून आला. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा खेळाडू, आणि पुढे प्रीमियर लीगमधल्या वेस्ट हॅमचा गोलवीर. जन्म २८ मार्च १९९०, दक्षिण लंडन. शाळकरी वयात टॉटनहॅमकडून विचारणा झाली होती, पण लंडनच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सरावासाठी ये-जा करणं आईला पटलं नाही. अकादमी हुकली. पोरगा टूटिंग अँड मिचम युनायटेडकडून खेळू लागला आणि पोटापाण्यासाठी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून काम करू लागला.

अकादमी हुकते तेव्हा विंगरचं काय हुकतं? चेंडू पायाशी येण्याआधी खांद्यावरून मागे पाहणं. अंग अर्धं उघडं ठेवून चेंडू घेणं, म्हणजे पहिल्या स्पर्शातच तो पुढे नेता येतो. समोरचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कुठल्या पायावर भार टाकून उभा आहे ते वाचणं. अकादमीत हे नवव्या-दहाव्या वर्षापासून घोटून घेतात. आठव्या पायरीवर ते शिकवायला कुणाला वेळ नसतो. तिथे वेग, ताकद आणि अंगावर येणाऱ्याला न घाबरणं एवढ्यावर भागतं. अँटोनिओकडे हे तिन्ही भरपूर होतं.

[मधला शीर्षक-फलक: रेडिंग]

ऑक्टोबर २००८ मध्ये रेडिंगने त्याला करारबद्ध केलं. रेडिंग तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होता, म्हणजे एका सहीत पाच-सहा पायऱ्या वर. इतकी लांब उडी बहुधा विंगर किंवा स्ट्रायकरलाच मिळते, कारण वेग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सेंटर-बॅकचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, जागा धरणं ओळखायला दहा सामने पाहावे लागतात. विंगरने दोघांना मागे टाकलं की खेळाडू हेरणाऱ्या स्काउटच्या वहीत लगेच नाव चढतं.

अडचण पुढे सुरू होते. खालच्या लीगमध्ये त्या काळी बहुतेक संघ ४-४-२ खेळायचे: चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर. त्यात ज्याला आपण विंगर म्हणतो तो खरं तर मिडफिल्डचा कडेचा माणूस. मैदान साधारण ६८ मीटर रुंद. आपल्या संघाकडे चेंडू असताना त्याचा बूट पांढऱ्या रेषेला लागलेला हवा, आणि चेंडू गेला की त्याने दहा-पंधरा मीटर आत सरकून फुलबॅकच्या पुढे भिंत धरायची. नवखा इथे चुकतो, कारण तो चेंडूकडे पाहत राहतो. त्याच्या पाठीमागून प्रतिस्पर्धी फुलबॅक धावत निघतो, आणि याच्या फुलबॅकवर एकदम दोघे चालून येतात. कडेवरून गोलसमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, पडतो, गोल होतो. टीव्हीवर शिव्या खातो तो फुलबॅक. मॅनेजरला मात्र माणूस कुणी सोडला ते ठाऊक असतं, आणि ६० व्या मिनिटाला चौथ्या पंचाच्या फलकावर झळकतो तो विंगरचा नंबर.

म्हणूनच तरुण विंगरला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, दुसऱ्या क्लबकडे धाडतात.

त्या काळची लोनची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण अँटोनिओची पहिली चार वर्षं तिच्यावरच उभी आहेत. फुटबॉल लीगच्या, म्हणजे चॅम्पियनशिप ते लीग टूमधल्या, क्लबांना ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत) बंद असतानाही ‘आणीबाणीचं लोन’ घेता यायचं. सुरुवात एका महिन्याने, मग मुदतवाढ, जास्तीत जास्त ९३ दिवस. सामन्याच्या चमूत असे बाहेरून आणलेले पाचपर्यंतच खेळाडू चालायचे. पगाराचा किती वाटा कुणी द्यायचा हे दोन क्लब आपसांत ठरवत. मूळ क्लब बऱ्याचदा कपच्या सामन्यांना परवानगी नाकारायचा, कारण एका संघाकडून एफए कप खेळलेला माणूस तेव्हा त्याच मोसमात दुसऱ्याकडून तो कप खेळू शकत नसे. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर पिशवी भरायची, नव्या गावात हॉटेलात राहायचं, ड्रेसिंग रूममध्ये नावं पाठ करायची आणि चार शनिवारांत स्वतःला सिद्ध करायचं. पाचव्या शनिवारची हमी नाही.

पहिलं मोठं लोन फेब्रुवारी २००९ मध्ये, लीग वनमधल्या चेल्टनहॅम टाउनकडे. संघ बुडत होता आणि मोसमाअखेर लीग टूमध्ये घसरला. बुडणाऱ्या संघात विंगरला चेंडूच मिळत नाही. अर्धा वेळ आपल्याच पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर, उरलेला वेळ डोक्यावरून जाणारे लांब चेंडू बघण्यात. तिथे मोजके सामने मिळाले. शिकायला काय मिळालं असेल तर मागे धावणं.

साउदॅम्प्टन वेगळा होता. ऑक्टोबर २००९. मूळ कंपनीचं दिवाळं निघाल्यामुळे क्लब लीग वनमध्ये उणे दहा गुणांनी सुरुवात करत होता. मॅनेजर ॲलन पार्ड्यू, पुढे रिकी लॅम्बर्ट, बगलेला ॲडम लॅलाना. चांगल्या संघात विंगरचं काम पालटतं. चेंडू सतत त्याच्या पायाशी येतो, आणि प्रश्न उरतो तो शेवटच्या पासचा. कोपऱ्यात पोचल्यावर पुढे काय?

हे जरा खोलात जाऊन पाहू. खालच्या लीगमधले बहुतेक क्रॉस फुकट जातात, कारण ते लांबून आणि उंच येतात, तर सेंटर-बॅक त्यांच्याकडे तोंड करून, पाय रोवून उभा असतो. त्याच्यासाठी तो रोजचा हेडर. पण विंगर गोलरेषेपर्यंत पोचला आणि तिथून चेंडू जमिनीलगत मागे, ११ मीटरवरच्या पेनल्टीच्या ठिपक्याकडे ढकलला, तर चित्र उलटतं. बचावपटू आपल्याच गोलकडे धावत आलेले असतात. त्यांना थांबून वळावं लागतं, आणि मागून येणारा आक्रमक वेगातच चेंडूवर पोचतो. ऑफसाइडचीही भीती नाही, कारण चेंडूच सर्वांत पुढे असतो. हाच तो कट-बॅक. दिसायला सोपा, पण त्यासाठी शेवटचे पाच मीटर फुलबॅकला अंगावर घेऊन काढावे लागतात. अँटोनिओचे खांदे तिथे कामी आले.

२८ मार्च २०१० रोजी फुटबॉल लीग ट्रॉफीची अंतिम लढत वेम्ब्लीवर झाली. ७३ हजारांवर प्रेक्षक. साउदॅम्प्टनने कार्लाइलला ४-१ ने हरवलं. चौथा गोल अँटोनिओचा. तारीख पुन्हा पाहा, त्या दिवशी तो २० वर्षांचा झाला होता. लीगमध्ये साउदॅम्प्टन सातवा आला. ते दहा गुण कापले नसते तर बढतीसाठीची प्ले-ऑफ खेळला असता.

कुणालाही वाटेल की आता रेडिंगच्या संघात जागा पक्की. तसं झालं नाही. अधूनमधून बदली खेळाडू, मग पुन्हा लोन, २०११ मध्ये लीग वनच्याच कोलचेस्टरकडे. आमच्या मते या वळणावर बहुतेक विंगर संपतात. वय २१, नावावर थोडे गोल, आणि ‘वेगवान आहे, पण...’ असा शिक्का. लीग टूमध्ये, नॅशनल लीगमध्ये असे कितीतरी सापडतील.

[मधला शीर्षक-फलक: हिल्सबरो]

फेब्रुवारी २०१२. हिल्सबरो हे ज्याचं मैदान, तो शेफिल्ड वेन्सडे लीग वनमधून वर चढायची धडपड करत होता आणि थेट बढतीच्या दोन जागांपैकी एकीसाठी शर्यत होती ती शहरातल्याच शेफिल्ड युनायटेडशी. अँटोनिओला लोनवर आणलं गॅरी मेगसन यांनी. काही दिवसांतच मेगसन यांची गच्छंती झाली आणि डेव्ह जोन्स आले. लोनवरच्या माणसासाठी हे मोठं संकट असतं, कारण आणणारा गेला की नव्या मॅनेजरला त्याचं काही देणं लागत नाही. जोन्स यांनी त्याला संघात ठेवलं. १४ सामने, ५ गोल. ५ मे २०१२ रोजी शेवटच्या सामन्यात वेन्सडेने वायकॉम्बला २-० ने हरवलं. अँटोनिओने एक गोल केला, दुसरा नाइल रेंजरने. ९३ गुणांनी वेन्सडे वर गेला, ९० गुणांवर युनायटेड अडकला. गंमत म्हणजे त्याच मोसमात त्याचा मूळ क्लब रेडिंग चॅम्पियनशिप जिंकून प्रीमियर लीगमध्ये पोचला, तोही त्याच्याशिवाय.

ऑगस्ट २०१२ मध्ये वेन्सडेने त्याला कायमचा विकत घेतला. चॅम्पियनशिपचे दोन मोसम. पहिल्यात ८ लीग गोल, दुसऱ्यात ४. तिथून २०१४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट, किंमत सुमारे १५ लाख पौंड. पहिल्याच मोसमात १४ लीग गोल. विंगरचे १४ गोल हा आकडा चॅम्पियनशिपमध्ये वरच्यांच्या नजरेत भरतो.

हे गोल आले कुठून? मोठा वाटा मागच्या, म्हणजे क्रॉस मारणाऱ्यापासून दूरच्या, गोलखांबाचा. क्रॉस उजवीकडून येत असेल तर डावा विंगर मागच्या खांबापाशी पोचतो. त्याच्यावर नेमलेला फुलबॅक चेंडूकडे पाहत असतो, पाठीमागचा माणूस त्याला दिसत नाही. दोन-तीन मीटर मागे थांबायचं, क्रॉस मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागेपर्यंत हलायचं नाही, आणि मग धावत येऊन उडी. लवकर निघालात तर फुलबॅक तुम्हाला अंगाने अडवतो. उभ्या जागेवरून उडालात तर उंची मिळत नाही. आणखी एक हिशेब, फुलबॅक सहसा सेंटर-बॅकपेक्षा बुटका असतो. मध्ये जाऊन सव्वासहा फुटी माणसाशी झुंजण्यापेक्षा कडेच्या पावणेसहा फुटीवर उडी घेतलेली बरी. अकादमीतले नाजूक विंगर हे काम टाळतात. खालच्या लीगमध्ये ते टाळता येत नाही.

१ सप्टेंबर २०१५ रोजी वेस्ट हॅमने सुमारे ७० लाख पौंड मोजले. वय २५. पहिला प्रीमियर लीग गोल डिसेंबरअखेर, साउदॅम्प्टनविरुद्धच.

इथेही कडेचा माणूस म्हणून त्याला हवं तिथे ढकलण्यात आलं. स्लावेन बिलिच यांनी त्याला राइट-बॅक केलं. १५ ऑगस्ट २०१६ रोजी चेल्सीविरुद्ध त्याने बॉक्समध्ये अस्पिलिक्वेताला पाडलं, पेनल्टीवर अझारने गोल केला, आणि थोड्याच वेळात अँटोनिओ मैदानाबाहेर. आक्रमकाला राइट-बॅक केलं की हे होतं. त्याला चेंडूकडे झेपावायची सवय असते, आणि बॉक्समध्ये बचाव म्हणजे पाय आवरून उभं राहणं. सहा दिवसांनी बोर्नमथविरुद्ध, नव्या लंडन स्टेडियमवरचा प्रीमियर लीगमधला पहिला गोल त्याने हेडरने केला. त्या मोसमात ९ लीग गोल आणि चाहत्यांच्या मतांवर क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. इंग्लंडच्या चमूतही नाव आलं, पण सामना कधीच मिळाला नाही. पुढे तो जमैकाकडून खेळला.

मग मांडीचा मागचा स्नायू. हॅमस्ट्रिंग. भरधाव पळताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत त्या पायाला लगाम घालतो. फाटतो तो बहुधा त्याच क्षणी. विंगर सामन्यात पुन्हा पुन्हा पूर्ण वेगाने पळतो, थांबतो, परत पळतो, म्हणून हे दुखणं त्याच्या वाट्याला जास्त. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते. यावरचा व्यायाम साधा आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात, असं अभ्यासांतून दिसलं आहे. खेळाडू तो टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या भयंकर दुखतात. शनिवार-मंगळवार-शनिवार सामने असले की करायला दिवसच सापडत नाही.

तिशी जवळ आली आणि डेव्हिड मोयेस यांनी त्याला कडेवरून काढून मधोमध, स्ट्रायकर म्हणून उभं केलं. ११ जुलै २०२० रोजी कोरोनामुळे रिकाम्या असलेल्या मैदानात त्याने नॉर्विचविरुद्ध चार गोल ठोकले. २३ ऑगस्ट २०२१ रोजी लेस्टरविरुद्ध दोन, आणि प्रीमियर लीगमधला पाओलो डी कानिओचा ४७ गोलांचा क्लब-विक्रम मोडला. आनंद साजरा करायला त्याने स्वतःचाच पुठ्ठ्याचा कटआउट उचलून डोक्यावर धरला. ७ जून २०२३ रोजी प्रागमध्ये फिओरेंतिनाला २-१ ने हरवून वेस्ट हॅमने युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकली. तोही त्या संघात होता.

डिसेंबर २०२४ मध्ये मोटार अपघातात त्याचा पाय मोडला. जून २०२५ मध्ये, ३५ व्या वर्षी, गोल्ड कपमध्ये तो जमैकाकडून बदली खेळाडू म्हणून पुन्हा मैदानात उतरला. त्याच उन्हाळ्यात वेस्ट हॅमशी नातं संपलं. प्रीमियर लीगमधले गोल ६८.

[पडद्यावर: पुन्हा लीगची उतरंड]

ज्या नियमावर तो चार वर्षं फिरला, तो आता नाही. २०१६ पासून चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टूमध्ये लोन फक्त ट्रान्सफर विंडोतच घेता येतं. महिन्याभराची परीक्षा नाही, निदान अर्धा मोसम. नॅशनल लीगमध्ये आणि तिच्या खाली महिन्याच्या बोलीवर लोन अजून चालतात, म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या विंगरला पहिल्यांदा तिकडेच पाठवलं जातं. लीग वनच्या क्लबकडे जायचं तर प्रश्न आधी विचारावे लागतात. मॅनेजर ४-४-२ खेळतो की विंगबॅक, म्हणजे विंगर आणि फुलबॅक दोघांचं काम करणारा एकच माणूस, ठेवतो? त्याच जागेवर आणखी किती जण आहेत? परत बोलावण्याचं कलम करारात आहे का? ऑगस्टमध्ये इथे हिशेब चुकला, तर पोरगा जानेवारीपर्यंत बेंचवर.