पाणलोटातली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूर शहराला थेट पाइपलाइननं जे पाणी मिळतं ते काळम्मावाडी धरणाचं, म्हणजे दूधगंगेचं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होतात, त्याही पश्चिमेच्या डोंगरातूनच उतरतात. आपला ऊस, आपला गूळ, जनावरांची वैरण, इचलकरंजीचे माग, सगळं या पाण्यावर उभं आहे. हे पाणी ज्या रानातून येतं त्या रानाबद्दल आणि त्या रानात राहणाऱ्या माणसांबद्दल आज मला बोलायचं आहे. रानाबद्दल पुष्कळ बोललं जातं. तिथल्या माणसांचा विषय मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो, म्हणून आज ती माणसं आधी.

वर्षावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येतं, बोर्निओ येतं. पण दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट, पारगड या पट्ट्यात जे सदाहरित आणि निमसदाहरित रान उरलंय, ते त्याच कुळातलं आहे. शिरोळकडं वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, गगनबावड्यात, तोच पाऊस काही हजार मिलिमीटरवर जातो. या पावसावर अंजनी, जांभूळ, फणस, हिरडा, शिकेकाईचे वेल आणि खाली कारवी अशी दाटी वाढते, की आत भर दुपारीही ऊन जमिनीला लागत नाही. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपलं राधानगरी आहे, चांदोली आहे, कोयना आणि कासही आहे.

या डोंगरात धनगरवाडे आहेत. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड, सगळीकडं. म्हशी, थोडी नाचणी, थोडं भात, हिरडा, शिकेकाई, मध. पावसाळ्यात आजारी माणसाला डालग्यात घालून किंवा झोळी करून खाली आणावं लागतं अशा कित्येक वस्त्या अजून आहेत. रस्ता का नाही विचारलं की उत्तर मिळतं, वनखात्याची हद्द आहे. वीज का नाही? तेच उत्तर. ज्या रानामुळं खालच्या पाच लाख माणसांच्या नळाला पाणी आहे, त्या रानाच्या रक्षणाचा सगळा बोजा या चार-दहा उंबऱ्यांवर पडलेला आहे. पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न कोल्हापुरात मला तरी असाच दिसतो. फायदा खाली, भार वर.

दाजीपूरचं जंगल पूर्वी संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. त्याच वर्षी चांदोली अभयारण्य जाहीर झालं आणि २००४ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. चांदोलीतली गावं उठली. काहींना हातकणंगले, शिरोळकडं, काहींना सांगली जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, काहींना मिळायच्या राहिल्या, काहींना मिळालेल्या जमिनीत पाणीच नव्हतं. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अभयारण्यग्रस्तांचे ठिय्ये तुम्ही पाहिले असतील. चुलीसकट बसलेल्या बायका, मांडीवर पोरं. आपण सिग्नलला थांबतो, बघतो आणि पुढं जातो. वाघासाठी जागा करून दिलेली ही माणसं आहेत. आणि त्यांना जे मिळायचं ते मिळालं नाही तर वाघाच्या नावानं त्यांच्या तोंडून आशीर्वाद कसा निघेल?

गवा वाचू नये, वाघ येऊ नये, असं माझं म्हणणं नाही. उलट मला ते रान तसंच्या तसं राहिलेलं हवं आहे. माझं म्हणणं इतकंच, की माणसाला बाहेर काढून रान वाचतं ही समजूत चुकीची आहे आणि कायद्यानंही ती आता मान्य केलेली नाही.

२००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कसणाऱ्या कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत जमिनीचा हक्क, गावाला सामूहिक हक्क, गौण वनोपज, म्हणजे मध, हिरडा, बांबू असा लाकडाखेरीजचा रानमाल, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हलवता येणार नाही, असंही कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. जंगल तिथं आजही उभं आहे.

आता थोडं बॉक्साइटबद्दल. आपल्या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारं, आहेत. सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून बाहेरून आलेल्या साहेबाला ती पडीक जमीन वाटते. पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढं कित्येक महिने खालच्या झऱ्यांना सोडत राहतो. याच जांभ्यात बॉक्साइट असतं. त्यासाठी राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांत खाणी निघाल्या. वरचा थर खरवडला की झऱ्याचं गणित बिघडतं, आणि पावसात लाल गाळ खालच्या भातखाचरात उतरतो. खाणीवर मजुरी मिळते, ट्रक चालतात, चार घरांची चूल पेटते, हेही खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण सडा एकदा गेला की परत येत नाही, आणि खाण संपली की मजुरीही संपते.

ओडिशात नियामगिरी नावाचा डोंगर आहे, रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या हद्दीवर. तिथंही माथ्यावर बॉक्साइट. डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला नियम राजा म्हणतात, तो त्यांचा देव. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानं सांगितलं, की या लोकांचे धार्मिक आणि वनहक्क खाणीमुळं बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्याच वर्षी पावसाळ्यात १२ गावांत न्यायाधीशांच्या देखरेखीखाली ग्रामसभा झाल्या. बारापैकी बारा गावांनी नाही म्हटलं. ज्यांना आपल्याकडं अडाणी म्हणून बाजूला सारलं जातं, त्या माणसांनी कायद्याच्या चौकटीत उभं राहून एक-एक करून आपलं म्हणणं नोंदवलं. खाण झाली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तिच्यात कुणी उपकार केलेला नाही. हक्क होता, तो वापरला.

दुसरीकडं हा हक्क किती नाजूक आहे, हेही सांगितलं पाहिजे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशानं, दावे फेटाळलेल्या दहा लाखांहून जास्त कुटुंबांवर बाहेर पडण्याची वेळ येणार होती. देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकानं वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती सक्तीची केली होती. २०२२ च्या नियमांनी ती केंद्राच्या मंजुरीच्या नंतरच्या टप्प्यावर, राज्यांकडं ढकलली. दिल्लीत सही झाल्यावर गावाला विचारणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारणं.

ज्याला माहितीच नाही तो संमती तरी कशी देणार? प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला. तो लोकांसमोर आला २०१२ च्या मे महिन्यात, तोही माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. आणि अहवालाचा गाभाच हा होता की काय राखायचं, काय करू द्यायचं हे ग्रामसभांशी बोलून ठरवा. मधल्या महिन्यांत आपल्या डोंगरी तालुक्यांत काय पसरलं? घर बांधता येणार नाही, म्हैस पाळता येणार नाही, शेती बंद. घाबरलेल्या माणसानं विरोध केला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्यानंतर त्याच विषयावर कस्तुरीरंगन समिती आली, २०१४ पासून पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ ला. इतक्या वर्षांत शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर जाऊन, त्या लोकांच्या बोलीत, तुमच्या गावात नेमकं काय बदलणार हे शांतपणे समजावून सांगणारं किती जण गेले असतील?

लॅटिन अमेरिकेत आणि कॅरिबियन देशांत यासाठी एक करार झाला आहे, एस्काझूचा. २०१८ साली तो ठरला आणि २२ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. पर्यावरणाची माहिती मिळणं, निर्णयात भाग घेता येणं, न्याय मागता येणं, आणि जंगलासाठी उभं राहणाऱ्यांना संरक्षण, हे सरकारांवर बंधनकारक करणारा तो करार आहे. तो तिथंच का झाला याला कारण आहे. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात शिकू मेंडीस नावाचा रबराचा चीक काढणारा कामगार होता. जंगल तोडून गुरांची कुरणं करणाऱ्यांसमोर तो आणि त्याचे साथीदार बायकापोरांसह उभे राहायचे, करवती थांबवायचे. त्यांची मागणी होती की जंगल सरकारचं राहू दे, पण चीक आणि फळं काढून जगण्याचा हक्क आमचा असू दे. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. पुढं १९९० साली त्याच्या नावानंच असं राखीव क्षेत्र झालं. बेर्ता कासेरेस या लेंका समाजातल्या बाईंना होंडुरासमध्ये २०१६ साली मारलं, कारण त्या आपली नदी अडवू देत नव्हत्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क आहे असं १६१ मतांनी मान्य केलं. त्या मतदानामागं अशा किती माणसांचं रक्त आहे.

आणि ते दूरचं जंगल आपल्या स्वयंपाकघरातही आहे. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया, मलेशियातून. बेकरीची खारी, फरसाण, साबण, स्वस्त तेलाचा पाऊच, यात ते असतं. इंडोनेशियातल्या सुमात्रा, कालिमंतानमधलं वर्षावन तोडून लावलेले मळे त्यामागं आहेत. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २०१३ च्या मे महिन्यात निकाल दिला की परंपरेनं समाजाच्या ताब्यात असलेलं जंगल सरकारी जंगल नाही. ऐकताना वाटतं, हे तर आपल्या डोंगरातलंच भांडण.

आपल्या भांडणात आपलंही काही देणं आहे. गवा शेतात उतरतो, आजरा-चंदगडकडं हत्ती येतो, रात्रीत वर्षाचं भात जातं. पंचनामा, कागद, हेलपाटे, आणि मिळते ती भरपाई नुकसानीच्या मानानं तोकडी. ज्या शहराला त्या रानाचं पाणी मिळतं, त्या शहरानं, त्या साखर कारखान्यांनी आणि पाणीपट्टी घेणाऱ्या संस्थांनी पाणलोटातल्या वाड्यांसाठी काही वाटा बाजूला काढावा, असं मला मनापासून वाटतं. पाणी फुकट येत नाही, त्याची किंमत वर कुणीतरी मोजत असतं. महापुरावर एकटं जंगल औषध नाही, हेही बोललं पाहिजे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५० फुटांच्याही वर गेलं. त्यात पाऊस होता, धरणांचे विसर्ग होते, पूररेषेतली बांधकामं होती. पण माथ्यावरचं रान आणि सडे गेले तर ते सगळं आणखी अवघड होईल.

शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा हक्क म्हणजे काय हे या गावानं देशाला दाखवलं होतं. त्याच संस्थानच्या डोंगरातला धनगर आज कागदावर अडला आहे. आपल्या राज्यात धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, म्हणून वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ७५ वर्षांपूर्वीचा सातबारा रानातल्या वाडीत कुठून येणार?

वाडीवर हा कार्यक्रम कुणी ऐकत असेल, तर त्यांच्यासाठी नीट सांगतो. एकच एक ठराविक कागद हवा, असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. नियम १३ मध्ये पुरावे दिले आहेत, त्यातले किमान दोन लागतात. जुनी विहीर, पूर्वजांच्या समाध्या, देवराई, देवाचं ठाणं, घराचं जुनं जोतं, शेताची ताल, हे सगळे पुरावे आहेत. दावा ज्याचा आहे तो सोडून दुसऱ्या वृद्ध माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हाही पुरावा आहे. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं. आणि शेजारच्या वाडीतली जी आजी, जे आजोबा जुनी वाट, जुना पाणवठा, कुणाच्या बापाचा गोठा कुठं होता हे सांगू शकतात, त्यांचा जबाब पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबवू नका. या आठवड्यातच लिहून, अंगठा घेऊन ठेवा.

नमस्कार.