तरतूद झाली, पैसे कुठे अडले?

(दृश्य : शाळेची पडवी. ताटं घेऊन ओळीने बसलेली मुलं.)

एका अंड्याला पाच रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा हा दर धरला होता. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यांतली कितीतरी मुलं आता शाळेत या ओळींमध्ये बसतात.

जानेवारी २०२५ मध्ये नवा जीआर निघाला. अंड्यासाठी आणि नाचणी सत्त्वातल्या साखरेसाठी राज्याचे पैसे मिळणार नाहीत. द्यायचंच असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत.

(दृश्य : गोवंडी. शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्या. मागे देवनारचा कचऱ्याचा डोंगर.)

हा एम-पूर्व विभाग. मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात सगळ्यात तळाला होता. इथली माणसं जरीकाम करतात, कचरा वेचतात, चेंबूरच्या इमारतींमध्ये धुणीभांडी करतात. इथल्या शाळेच्या समितीवर हेच पालक असतात. त्यांनी वर्गणी मागायची कुणाकडे? शेजारच्या गल्लीत? जिथे मुलाला अंड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे लोकांच्या खिशात सगळ्यात कमी पैसे. ज्याने हा जीआर लिहिला, त्याला हे ठाऊक नसेल असं आम्हाला वाटत नाही.

या निर्णयातून वाचणारी रक्कम वर्षाला ५० कोटींच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. त्यानंतर दीडच महिन्याने, १० मार्च २०२५ ला, राज्याचा ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. हिशेब करून पाहा : लाख रुपयांमागे जेमतेम सात रुपये.

(दृश्य : मंत्रालयाची इमारत, रस्त्यावरून.)

सरकारची अडचण खोटी नाही. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती आणि कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाणार होतं. पण अर्थमंत्र्यांच्या भाषणात अंडं बंद, वसतिगृहाचे पैसे कमी, असं काही ऐकू येत नाही. भाषणात तरतूद असते. पुढे वित्त विभाग ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर हप्त्याहप्त्याने निधी सोडतो, आणि खरी काटछाट तिथे होते. मंजूर झालेला पैसा मार्च उजाडला तरी पूर्ण सुटत नाही.

(दृश्य : आझाद मैदान, जुलै २०२५. पाऊस, चिखल, ताडपत्र्यांखाली बसलेले शिक्षक.)

हे कळायला आझाद मैदानात यावं लागतं. इथे बसलेले शिक्षक अंशतः अनुदानित शाळांचे. २००१ मध्ये सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी द्यायला सुरुवात केली. शाळा काढा, मुलं शिकवा, अनुदान मागू नका. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला, पण पगार सुरू झाला नाही. २०१६ मध्ये पहिला टप्पा मिळाला : २० टक्के. म्हणजे महिनाभर पूर्ण शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या, निवडणुकीचं काम करायचं, आणि पगाराचा पाचवा हिस्सा घरी न्यायचा. बरेच जण तोवर शाळा सुटल्यावर रिक्षा चालवत, शेतमजुरीला जात. बिनपगारी शिक्षकाशी मुलीचं लग्न लावून द्यायला कोण तयार होतं?

१४ ऑक्टोबर २०२४ ला पुढच्या २० टक्क्यांचा जीआर निघाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक झाली, सरकार आलं, मार्चचा अर्थसंकल्प झाला, टप्प्याचे पैसे आले नाहीत. पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, तरी शिक्षक मैदानातच. ८ आणि ९ जुलैला शाळा बंद ठेवून राज्यभरातून माणसं आली, तेव्हा कुठे मंत्री मैदानात येऊन शब्द देऊन गेले. जे आधीच लेखी मंजूर होतं, त्याच्यासाठी माणसांना चिखलात बसावं लागलं.

(दृश्य : खाटांना खाटा लागलेली भाड्याची खोली. भिंतीला टेकून वाचणारा मुलगा.)

आता सामाजिक न्याय विभाग. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये स्वाधार योजना आली. मुंबईसाठी रक्कम ठरली वर्षाला ६० हजार; जेवण, राहणं, निर्वाह सगळं धरून. त्यातले राहण्याचे २० हजार, म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. मुंबईत सतराशेत कुणी खाट देतं का, विचारून पाहा. महागाई वाढत असताना रक्कम जागच्या जागी ठेवणं ही आमच्या मते कपातच. त्यात पैसे उशिरा आले, की मुलगा मेसचं उधार करतो, मग गावाकडून मागवतो, मग गावी परततो.

मे २०२५ मध्ये याच विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बाईच्या हातात दरमहा १,५०० रुपये येणं ही मोठी गोष्ट आहे, ती हिणवण्याचं कारण नाही. पण ते आदिवासी आणि दलित मुलांच्या वाट्यातून का? त्या १,५०० मधून मुलाच्या वसतिगृहाचा खर्च तिलाच करायला लागला, तर तिच्या हाती काय उरलं?

(दृश्य : धारावी. दहा बाय दहाच्या खोलीतली अंगणवाडी.)

देशात अंगणवाडीची योजना १९७५ मध्ये ज्या पहिल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत धारावी होती. इथल्या सेविकेसाठी केंद्राने ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपयांवर थांबलं आहे. राज्याने आपला वाटा वाढवला, पण तो सहज मिळाला नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या.

कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने २०१३ मध्येच अनुसूचित जाती-जमातींसाठीचा निधी राखून ठेवण्याचा कायदा केला. तसाच कायदा महाराष्ट्रात व्हावा, ही संघटनांची मागणी आहे, आणि आमचीही. शिवाय प्रत्येक अधिवेशनात शिक्षण, महिला-बालविकास आणि सामाजिक न्याय या खात्यांनी सभागृहासमोर दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत : मंजूर किती झाले, आणि प्रत्यक्ष हातात किती पडले.