दुपारचा चोर, रात्रीची कडी

मंडळी, पत्रिकेवर ‘सुरक्षित खुराड्याची बांधणी’ असे छापले आहे. बांधणीकडे येतोच. पण खुराडे कुणापासून बांधायचे ते ठरल्याशिवाय हातोडी उचलू नका. सकाळी परसात पिसे दिसली की घराघरात एकच निकाल लागतो: मुंगूस! बिचाऱ्याला वकीलही मिळत नाही. रात्री झालेल्या चोरीत मुंगूस बहुतेक निर्दोष असते, कारण ते दिवसाचे जनावर. त्याची वेळ म्हणजे घरातली माणसे शेतावर गेलेली आणि कोंबड्या उकिरड्यावर पसरलेल्या, ती.

हल्ली मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून खुराडी बांधतात. तिथला मोठा चोर रॅकून नावाचे रानटी जनावर. त्याच्या पुढच्या पंजाची बोटे अशी की साधी कडी सरकवतो, आकडा उचलतो, मोठ्या भोकाच्या जाळीतून हात घालून झोपलेली कोंबडी ओढतो. तुमचा मुलगा न्यू जर्सीला असेल आणि त्याने परसात कोंबड्या पाळल्या असतील, तर त्याला सांगा, कडीत स्प्रिंगचा हूक अडकव. पण रॅकून बहुतेक रात्रीच येतो, म्हणून तिकडचा सगळा भर संध्याकाळच्या कडीवर. आपण ती कडी हौसेने आणतो आणि सकाळी दार उघडून सगळा संसार दुपारच्या चोरासमोर मांडतो.

तेव्हा आधी पंचनामा. मानेवर चावा, कोंबडी तिथेच पडलेली, दिवसाची वेळ: मुंगूस. अख्खी कोंबडी गायब आणि कुंपणापर्यंत पिसांची माळ: रानमांजर, नाहीतर कोल्हा. सात-आठ मेलेल्या, इकडेतिकडे फेकलेल्या, खाल्लेली एकही नाही: बहुधा कुत्रा. आपल्याच आळीतला, ज्याला आपणच भाकरी घालतो. (हसू नका, मालकाचे नाव विचारणार नाही.) अंडी नाहीशी आणि टरफलाचा कणही नाही: साप. बरेचदा तो आतच सापडतो, कारण ज्या फटीतून आला तिच्यातून फुगलेल्या पोटाने बाहेर पडता येत नाही. तेव्हा काठी नको, सर्पमित्राला फोन करा. टरफल कुरतडलेले आणि कोपऱ्यात ताजी माती: घूस. उघड्या अंगणातून पिल्लू गेले आणि मागे काहीच नाही: घार, शिक्रा किंवा कावळा.

आता माझी जुनी तक्रार. दुकानात ‘चिकन मेश’ म्हणून षटकोनी भोकांची जाळी मिळते. नाव कोंबडीचे, म्हणून आपण निर्धास्त. ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती आहे, चोराला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तार बारीक, नुसती पिळलेली. कुत्र्याने दात लावून ओढली की पीळ सुटतो, आणि कोकणातल्या पावसात गंज धरला की बोटानेही तुटते. तळापासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड जाळीच हवी, गॅल्व्हनाइझ केलेली. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. २२ स्वस्त पडते, पण १९ मागा. नायलॉनची जाळी तर खाली कधीच लावू नका. तिच्यात साप अडकतो, आणि मग सकाळी अंडी काढायला कोण हात घालणार?

जाळी ठोकायची बाजूही महत्त्वाची. बहुतेक जण ती चौकटीला आतून ठोकतात, दिसायला सुबक म्हणून. मग बाहेरून धडक बसली की खिळे सुटून जाळी आत जाते. बाहेरून ठोकली तर तीच धडक जाळीला लाकडावर दाबते. यू-खिळे वीतभर अंतरावर, आणि कोपऱ्यात जाळी दुमडून घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. म्हणजे मुख्य विषय आता पळतच सांगतो.

दहा गावरान कोंबड्यांना रात्रीपुरते चार बाय पाच फुटांचे खुराडे पुरते. जमिनीपासून दोन फूट वर, चार खांबांवर. प्रत्येक खांबाला पत्र्याचे उलटे नरसाळे, म्हणजे उंदीर-घूस चढत नाही. बसायला दोन इंची दांडी, दर कोंबडीला आठ इंच. हवेच्या खिडक्या वर, त्यांनाही वेल्ड जाळी. दाराखाली अंगठा जाईल एवढीही फट नको. कडी एक वर, एक खाली, कारण एकाच कडीचे दार कोपऱ्यातून वाकते.

दिवसा कोंबड्यांना फिरायला जाळीचा बंदिस्त वाडा. त्याच्या बुडाशी जाळी दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. उकरणारे जनावर भिंतीला लागूनच उकरते, पंजा जाळीला लागला की सोडून देते; दीड फूट मागे जाऊन सुरुवात करायचे त्याला सुचत नाही. छतही जाळीचेच. पिल्ले सहा आठवड्यांची होईपर्यंत याच वाड्यात. नुसत्या डालग्यावर दगड ठेवून भागत नाही, डालग्याच्या भोकातून मुंगसाचे तोंड जाते.

फासे आणि विष नको. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि विषाचा घास आधी आपलाच कुत्रा खातो. अंडी दिवसातून दोनदा काढा. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. दाण्याचा डबा पत्र्याचाच घ्या, प्लास्टिकचा घूस एका रात्रीत पोखरते. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी, बाहेर.